९९६ रुपये २६ पैसे कोणी नेले?

बाबा गावाहून परतले आणि दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन दोन महिन्यांचं पासबुक एकदम भरून आणलं. संध्याकाळी लाल पेन घेऊन बसले. त्यांची पद्धत ठरलेली आहे. डायरीत खर्च लिहिलेला असतो, पासबुकातली ओळ त्याच्याशी जुळली की शेजारी बारीकशी टिक. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत त्यांनी उभी नोकरी स्टोअर्समध्ये काढली. चलन आणि माल जुळल्याशिवाय सही करायची नाही, ही तिथली सवय निवृत्तीनंतर पासबुकाकडे वळली.

त्या दिवशी चार ओळींना टिक मिळाली नाही. एक ९९६ रुपये २६ पैशांची. तिच्या खाली तीन दिवसांनंतरच्या तारखेला ४१ रुपये १५ पैसे. आणि महिनाभर मागे अशीच एक जोडी, रक्कम तीन-चार रुपयांनी कमी. मोठ्या रकमेपुढे कुठल्याशा कंपनीचं इंग्रजी नाव, त्याला चिकटून तारका, तारकेनंतर सहा अक्षरं, आणि तिथे शब्द तुटलेला. पासबुक छापणाऱ्या मशीनला जागा पुरत नाही, त्यामुळे नाव कागदाच्या कडेला जाऊन अर्ध्यात थांबतं. बाबांनी चारही ओळींपुढे प्रश्नचिन्ह काढून मला ऐरोलीला फोन केला. "अगं, हे मी कोणाला दिले?" हजार रुपये गेल्याचं दुःख त्या आवाजात नव्हतं. आपल्या खात्यातली एक ओळ आपल्यालाच सांगता येत नाही, याने ते अस्वस्थ होते.

मी नौपाड्याला बाबांकडे पोहोचेपर्यंत घरच्या ग्रुपवर निकाल लागलेला होता. दादाने पुण्याहून लिहिलं होतं की खातं हॅक झालंय, कार्ड ब्लॉक करा आणि बाबांच्या मोबाइलमधून बँकेचं अ‍ॅपच काढून टाका. मला हे पटलं नाही आणि मी ते तिथेच लिहिलं. शहात्तराव्या वर्षी जो माणूस पैशापैशाचा ताळा घालतो, त्याच्या हातून व्यवहार काढून घेणं हा उपाय नाही. आधी ती ओळ वाचायला हवी.

कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडचा मुलगा सभ्य होता, पण त्याच्यासमोर दोनच पर्याय होते. "फ्रॉड म्हणून नोंदवू का? कार्ड ब्लॉक करू का?" मी दोन्हींना थोडं थांबा म्हटलं आणि आधी अ‍ॅपमध्ये जाऊन बाबांच्या डेबिट कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद केले. ही सोय रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकामुळे सगळ्या बँकांना द्यावी लागते. देशातला वापर, परदेशातला वापर, ऑनलाइन, दुकानातलं मशीन, एटीएम, प्रत्येकाचं बटण वेगळं. बटण बंद केलं की चालू करता येतं, कार्ड ब्लॉक केलं की नवं येईपर्यंत थांबावं लागतं. दार लावून घेतलं, आता शांतपणे शोधता येणार होतं.

फ्रॉड नोंदवायला मी का थांबले तेही सांगते. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या बाजूचं आहे. ना बँकेची चूक, ना आपली, तिसऱ्याच कोणी पैसे काढले असतील आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत आपण कळवलं, तर आपलं नुकसान शून्य. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंतची झळ. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. तक्रार केल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. म्हणजे घड्याळ चालू होतं, हे मला ठाऊक होतं. पण हे सगळं संरक्षण अनधिकृत व्यवहाराला आहे. फ्रॉडच्या अर्जात "हा व्यवहार मी केलेला नाही, कोणाला परवानगीही दिलेली नाही" असं लिहून सही करावी लागते. बाबा खोट्या कागदावर सही करणाऱ्यातले नाहीत, आणि तो कागद खरा आहे की खोटा हे त्या क्षणी आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. म्हणून ती एक संध्याकाळ शोधायला घ्यायची असं ठरवलं.

खरा धागा त्या ४१ रुपये १५ पैशांत होता. मोठ्या रकमेकडे सगळे बघतात. छोटी ओळ कोणी बघत नाही, तिला "काहीतरी बँकेचे चार्जेस" म्हणून सोडून देतात. मी कॅल्क्युलेटरवर ४१.१५ ला ९९६.२६ ने भागलं. उत्तर आलं ४.१३ टक्के. हा आकडा परदेशी चलनातल्या व्यवहाराची खूण आहे. अनेक बँका कार्डावरच्या परदेशी व्यवहारावर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे चलन बदलून देण्याचं शुल्क, लावतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. साडेतीनचे अठरा टक्के म्हणजे ०.६३, एकूण ४.१३. म्हणजे पैसे परदेशात गेले होते. दोन महिन्यांच्या रकमांत तीन-चार रुपयांचा फरक का, तेही उलगडलं. तिकडची रक्कम तीच होती, इकडे डॉलरचा भाव बदलला होता.

बाबांना हे गणित मनापासून आवडलं. "मग उलटं जा की," म्हणाले. उलटं गेलो. त्या दिवसांत बँकेचा डॉलरचा भाव साडेचौऱ्याऐंशीच्या आसपास होता. ९९६.२६ ला ८४.५० ने भागलं तर ११.७९ डॉलर. ही काही कोणी ठरवलेली किंमत वाटेना. पण परदेशी कंपनी भारतातल्या साध्या ग्राहकाला ऑनलाइन सेवा विकते तेव्हा तिला १८ टक्के जीएसटी आकारून तो इथल्या सरकारकडे भरावा लागतो. मग ११.७९ ला १.१८ ने भागलं. उत्तर ९.९९.

नऊ डॉलर नव्व्याण्णव सेंट. ही किंमत बघितल्यावर माझी भीती जवळजवळ गेली. कार्डाचा नंबर चोरणारा माणूस जीएसटी लावून महिन्याच्या महिन्याला ९.९९ घेत नाही. हे कुठल्यातरी सॉफ्टवेअरचं मासिक सबस्क्रिप्शन होतं. तारीखही तेच सांगत होती, दोन्ही महिन्यांत एकच.

आता कोणतं, हा प्रश्न. पासबुकातलं नाव बाबांच्या मेलमध्ये शोधलं तर काहीच हाती लागलं नाही, कारण मुळात नावच अर्धं होतं. मग मी नाव सोडून दिलं आणि रक्कम शोधली, ११.७९. जाहिरातींच्या मेलचा जो वेगळा कप्पा असतो त्यात दोन पावत्या पडलेल्या होत्या. विषयाच्या ओळीत सॉफ्टवेअरचं नाव, आणि पार तळाशी, बारीक राखाडी अक्षरांत, "आपल्या स्टेटमेंटवर हा व्यवहार अमुक नावाने दिसेल" असं इंग्रजीत. ते अमुक नाव म्हणजे पासबुकातलं तारकेआधीचं नाव. तारकेनंतरची सहा अक्षरं सॉफ्टवेअरच्या नावाची सुरुवात होती.

ते नाव वेगळं का असतं, हे मला कामामुळे थोडंफार माहीत होतं. बाबांना मात्र ते मुळापासून हवं होतं. चार-पाच माणसांची एखादी कंपनी सॉफ्टवेअर बनवते आणि ते जगभर विकायचं म्हणते. प्रत्येक देशाचा कर वेगळा, नोंदणी वेगळी, परताव्याचे नियम वेगळे. हा व्याप ती स्वतः करत नाही. पॅडल, फास्टस्प्रिंग, क्लेव्हरब्रिज अशा कंपन्या या कामासाठीच आहेत. कागदोपत्री विक्रेत्या त्याच असतात, बिल त्यांच्या नावाचं, कर त्या भरतात, आणि आपला हिस्सा ठेवून उरलेले पैसे सॉफ्टवेअरवाल्याला देतात. त्यामुळे बँकेला जे नाव कळतं ते या मधल्या कंपनीचं. पेपाल किंवा गूगलमधून पैसे गेले तरी आधी त्यांचं नाव, मग तारका, मग खरा विक्रेता. त्यातही जागा तुटपुंजी. स्ट्राइपसारखी पैसे स्वीकारणारी कंपनी दुकानदाराला स्टेटमेंटवरच्या नावासाठी पाच ते बावीस अक्षरं देते. बावीस अक्षरांत दोन नावं बसवायची म्हटल्यावर दुसऱ्याची सहाच उरतात. बाबा म्हणाले, "म्हणजे माल एकाचा, चलन दुसऱ्याचं. हे आमच्याकडेही असायचं, पण चलनावर मालाचं नाव पूर्ण लिहायचे."

माल कोणता होता हे पावतीतलं नाव वाचल्यावर त्यांना लगेच आठवलं. गेली काही वर्षं ते आमच्या घराण्याच्या कुळवृत्तांताच्या मागे आहेत. गावाकडची जुनी पत्रं, जमिनीचे कागद, कोणाकोणाच्या लग्नपत्रिका, सगळं स्कॅन करून एकत्र करायचं काम चालू आहे. कोकणात जाण्याआधी त्यांना शे-दीडशे सुटी पानं जोडून एकच पीडीएफ करायची होती, आणि त्यासाठी एका सॉफ्टवेअरची सात दिवसांची ट्रायल त्यांनी घेतली होती. डायरीत नोंद होती: "पीडीएफ जोडणी, ७ दिवस, ९९ रु." आम्ही पासबुकाचं मागचं पान उलटलं. तिथे ९८ रुपये ८७ पैसे, तेच नाव, तीच तारका, तीच सहा अक्षरं आणि शेजारी लाल टिक. रक्कम डायरीशी जुळली, टिक पडली. नाव वाचायची गरजच पडली नव्हती.

बाबांनी जे केलं ते उघड्या डोळ्यांनी केलं होतं. सात दिवस वापरायचं होतं, सात दिवसांचे पैसे दिले, काम झालं, गावी गेले. पुढे महिन्याला ९.९९ लागतील ही ओळ त्या पानावर होती, मी नंतर जाऊन बघितली. पण ती पैसे भरायच्या ठळक बटणाच्या खाली होती, आणि बटण दाबायला तिच्यापर्यंत उतरावंच लागत नव्हतं. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम होती तीही ट्रायलचीच. याला सरकारनेही नाव दिलेलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसव्या रचनेचे १३ प्रकार दिले आहेत आणि सबस्क्रिप्शनचा सापळा हा त्यातला एक. मी हे दादाला मुद्दाम पाठवलं. ज्या गोष्टीला देशाच्या पातळीवर नियम करावा लागतो, त्यात अडकलेल्या माणसाला वेंधळा म्हणायचं नसतं.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. मी बाबांना विचारलं, पैसे कट व्हायच्या आधी मेसेज आला नव्हता का? यायलाच हवा होता. कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे जाण्याच्या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये ई-मॅन्डेटची, म्हणजे पैसे कापायला ऑनलाइन दिलेल्या कायमच्या मंजुरीची, चौकट आणली आणि ऑक्टोबर २०२१ पासून ती पाळणं सक्तीचं झालं. पहिल्या वेळी ओटीपी लागतो. पुढच्या वेळी रक्कम मर्यादेत असेल तर ओटीपी लागत नाही, पण निदान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. कोणाला, किती, कधी, कशासाठी, हे त्यात असावं लागतं, आणि नको असेल तर नकार द्यायची सोयही. ती मर्यादा आधी २,००० होती, मग ५,००० झाली, आणि जून २०२२ मध्ये १५,००० केली गेली.

बाबांनी मोबाइल पुढे केला. मेसेज आला होता, दोन्ही महिन्यांत. "आपल्या कार्डावरून अमुक तारखेला एवढे पैसे वजा होतील. रद्द करण्यासाठी येथे क्लिक करा." इंग्रजीत, खाली एक लिंक, नाव त्या मधल्या कंपनीचं. बाबा म्हणाले, "तूच सांगितलंयस ना, पैसे कट होतील असं सांगून लिंक पाठवतात, हात लावायचा नाही म्हणून? मी हात लावला नाही." मी मेसेज परत परत वाचला. खऱ्या आणि खोट्या मेसेजमध्ये फरक करायला त्यांच्याकडे काय होतं? नाव अनोळखी, भाषा इंग्रजी, घाई करणारा मजकूर, लिंक. लोकांना सावध करायला आपण जी जी लक्षणं सांगतो ती सगळी त्या खऱ्या मेसेजमध्ये होती. बाबांनी शिकवल्याप्रमाणे अगदी बरोबर वागून पैसे गमावले. या गोष्टीचा मला अजूनही राग आहे. ज्यांना हा मेसेज सगळ्यात जास्त उपयोगी पडायला हवा त्यांनाच तो वाचता येऊ नये, अशा तऱ्हेने तो लिहिलेला असतो.

लिंकला हात न लावता तेच काम करायचा रस्ता आहे, तो आम्ही धरला. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या भागात स्टँडिंग इन्स्ट्रक्शन किंवा ई-मॅन्डेट अशी यादी असते. काही बँका यासाठी बिलडेस्कच्या एसआय हबसारखं वेगळं पान वापरतात, पण तिथेही बँकेच्या साइटवरूनच जावं. बाबांच्या यादीत एकच नोंद होती. मधल्या कंपनीचं नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, आणि "कमाल रक्कम: १५,०००". ९.९९ डॉलरच्या सबस्क्रिप्शनसाठी पंधरा हजारांपर्यंतची मुभा! अशी नोंद करण्यात बेकायदेशीर काही नाही, नियमाची वरची मर्यादाच तिथे टाकून ठेवतात. पण बाबांनी चष्मा पुसून तो आकडा पुन्हा वाचला आणि म्हणाले, "कोऱ्या चेकसारखंच झालं हे."

रद्द करताना आम्ही क्रम पाळला: आधी सबस्क्रिप्शन, मग मॅन्डेट. मॅन्डेट आधी मोडलं तर पैसे जायचे थांबतात, पण तिकडे कंपनीच्या वहीत तुम्ही ग्राहकच राहता आणि थकबाकीच्या मेल सुरू होतात. कार्ड ब्लॉक केल्यावरही तेच. पैसे थांबणं आणि करार संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मधल्या कंपनीच्या साइटचा पत्ता मी पावतीतून बघून हाताने टाइप केला. गूगलवर नाव टाकून वर येईल तो कस्टमर केअर नंबर फिरवणं हा सगळ्यात धोक्याचा रस्ता आहे. तिथे ठगांनी पेरलेले नंबर असतात आणि घाबरलेला माणूस त्यांना पटकन सापडतो. अशा कंपन्यांच्या साइटवर खरेदी शोधायचं पान असतं. तिथे मेल आयडी आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे यावर काम भागतं. पूर्ण कार्ड नंबर, मागचे तीन आकडे किंवा ओटीपी शोधासाठी कोणी मागितला तर तिथूनच परत फिरावं.

रद्द करायचं बटण सापडलं, पण ते पहिल्या पानावर काम संपवणारं नव्हतं. का सोडताय, असं विचारणारं एक पान. निम्म्या किमतीत राहा, असं दुसरं. सध्या थांबवून ठेवा, असं तिसरं. प्रत्येक पानावर "राहतो" निळ्या ठळक बटणात आणि "पुढे जा" पांढऱ्यावर राखाडी. बाबांना मी स्वतः करू दिलं, मी फक्त शेजारी बसले. ते प्रत्येक पान मोठ्याने वाचत होते, घाई नाही. शेवटी सबस्क्रिप्शन रद्द झाल्याचा मेल आला तेव्हा तो त्यांनी छापून डायरीत चिकटवला. मग अ‍ॅपमधून मॅन्डेट रद्द केलं, त्याला ओटीपी लागला, तोही त्यांनीच घातला.

पैसे परत मागायचं पत्र त्यांनी लिहिलं आणि मी इंग्रजीत उतरवलं. राग नाही, धमकी नाही. ट्रायल घेतली ती तारीख, त्यानंतर सॉफ्टवेअर एकदाही उघडलेलं नाही ही गोष्ट, दोन्ही पावत्यांचे क्रमांक आणि एक साधी विनंती. तीन-चार दिवसांत उत्तर आलं. ताज्या महिन्याचे पैसे परत करतो, आधीच्या महिन्याची मुदत उलटली. बाबांनी आणखी एकदा लिहून बघितलं, तेच उत्तर आलं.

परतावा खात्यात यायला आठवड्याहून जास्त लागला, आणि आला तो ९८९ रुपये १८ पैसे. बाबांना वाटलं कोणीतरी सात रुपये खाल्ले. तसं नव्हतं. ११.७९ डॉलर पूर्ण परत आले होते, पण मधल्या काळात बँकेचा भाव ८३.९० झाला होता. मार्कअपचे ४१.१५ मात्र आले नाहीत. चलन बदलून देण्याचं काम बँकेने केलं होतं, त्याचे पैसे ती परत देत नाही. बाबांनी परताव्याच्या ओळीला टिक केली आणि फरक डायरीत खर्ची टाकला.

हे सगळं तलावपाळीवर त्यांच्या मित्रमंडळींना कळल्यावर घरी पासबुकं यायला लागली. एका काकांच्या खात्यातून अँटिव्हायरसचं वर्षाचं नूतनीकरण आपोआप झालं होतं. तो कॉम्प्युटर त्यांनी कधीच भंगारात दिलेला. शेजारच्या काकूंचे पैसे कार्डावरून जातच नव्हते, यूपीआय ऑटोपेवरून जात होते, आणि त्याची यादी कार्डाच्या ई-मॅन्डेटमध्ये शोधून उपयोग नसतो. ज्या यूपीआय अ‍ॅपमधून मंजुरी दिली तिथे ऑटोपे किंवा मॅन्डेट या नावाखाली ती असते. तिथे एक भजनांचं अ‍ॅप सापडलं, नातवाने घालून दिलेलं. ते त्यांना हवंच होतं, ते ठेवलं.

आणि एका जोशीकाकांची गोष्ट वेगळी निघाली. त्यांच्या स्टेटमेंटवर आधी परदेशातून अगदी किरकोळ रकमेची एक एंट्री, तासाभरात दुसरी, मग एकदम मोठी. मेलमध्ये पावती नाही, ओटीपी आलेला नाही, मॅन्डेटच्या यादीत काही नाही, रक्कम भागून कुठलीही किंमत निघत नाही. तिथे मी संध्याकाळ घालवली नाही. कार्ड लगेच ब्लॉक, बँकेकडे लेखी तक्रार, तक्रारीचा क्रमांक वहीत, आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. काकांनी मेसेज आला त्याच दिवशी आम्हाला दाखवला होता, त्यामुळे तीन दिवसांच्या आत बसलं. ज्या ओळीला पावती सापडते तिचं काम बोलून होतं. जिला सापडत नाही तिच्यासाठी एक तासही दवडू नये. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही. सापळ्याच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

मागच्या आठवड्यात बाबा शाखेत जाऊन मॅनेजरबाईंना एक अर्ज देऊन आले. मराठीत, स्वतःच्या अक्षरात, तीन मागण्या. पासबुकात व्यापाऱ्याचं नाव तोडून न छापता दुसऱ्या ओळीवर पूर्ण छापावं. परदेशी व्यवहाराच्या मार्कअपची ओळ मूळ व्यवहाराच्या शेजारी यावी, तीन दिवसांनी सुटी नको. आणि पैसे कट होण्याआधीचा मेसेज ग्राहकाने निवडलेल्या भाषेत, लिंकशिवाय यावा. रद्द कुठे करायचं ते अ‍ॅपमधल्या जागेचं नाव लिहून सांगावं. बाईंनी बसवून घेऊन अर्ज वाचला, पोच दिली आणि मुख्य कार्यालयाकडे पाठवते म्हणाल्या. तिसरी मागणी वाचताना त्यांनी स्वतःच्या आईला असाच मेसेज आल्याचं सांगितलं. पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख आहे. महिन्याभराने उत्तरासाठी जायचं, असं बाबांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.